धाकट्या शर्यतीचा प्रेक्षक

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटखाली जे इंजिन वर्षानुवर्षे राबले, त्याच घराण्यातले इंजिन १९५०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत शर्यतीच्या गाड्या पळवत होते. फियाट ११०० ही ती मूळ गाडी. तिकडे ती मध्यमवर्गाची घरगुती गाडी. आपल्याकडे ती आली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून. पुढे तिची पद्मिनी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून तिने मुंबईचा कायमचा निरोप घेतला. मोडेना शहरातल्या स्टँग्वेलिनी नावाच्या छोट्याशा कारखान्याने हे १०८९ सीसीचे इंजिन उघड्या चाकांच्या, जेमतेम एक माणूस मावेल अशा लांबट गाडीत बसवले. ज्या वर्गासाठी हा खटाटोप झाला त्याचे नाव फॉर्म्युला ज्युनिअर. हा वर्ग १९५८ साली सुरू झाला आणि १९६३ अखेर बंद पडला, म्हणजे सहा मोसमांचे आयुष्य. तरीही त्या गाड्या आज युरोपातल्या जुन्या मोटारींच्या शर्यतींत पळतात. त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान गाड्या त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर असताना लोक या धाकट्यांसाठी कुंपणाशी उभे राहतात, आणि घरी गेल्यावर सांगतात तेही यांच्याबद्दलच. याचे कारण वेगात नाही आणि जुनेपणाच्या मोहातही पुरते नाही. जी शर्यत पाहणाऱ्याला स्वतःच्या रोजच्या अनुभवाच्या मापाने जोखता येते तीच त्याच्या आठवणीत टिकते, असे माझे म्हणणे आहे. इटलीतल्या त्या वर्गाच्या नियमाचे जे झाले त्याचा पैनगंगेकाठच्या आपल्या शंकरपटाशी जवळचा संबंध आहे, असेही मला वाटते.

आधी तो नियम पाहू. तो सुचला काउंट जोव्हान्नी लुरानी यांना. ते स्वतः शर्यती धावलेले आणि मोटारींवर लिहिणारे गृहस्थ होते. वरच्या वर्गाच्या गाड्या महाग, खालून नवे चालक येत नाहीत, ही त्यांची चिंता. त्यांनी मांडलेला तोडगा साधा होता. इंजिनाचा मुख्य भाग बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाडीचाच हवा, आणि ती गाडीही मोठ्या संख्येने बनलेली हवी. इंजिन १००० सीसीपर्यंत असेल तर गाडीचे वजन किमान ३६० किलो, ११०० सीसीपर्यंत असेल तर ४०० किलो. गिअरबॉक्सही अशाच प्रवासी गाडीतला. हेतू खर्च कमी ठेवण्याचा होता. पण या नियमाचा एक परिणाम, माझ्या समजुतीप्रमाणे, ठरवून घडवलेला नव्हता. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या दारात, नाहीतर शेजाऱ्याच्या दारात, तेच इंजिन उभे होते. चढावर ते कसे हुंकारते, किती ताणले की खडखडते, हे त्याच्या कानाला ठाऊक होते. ट्रॅकवर तेच इंजिन त्याच्या ओळखीच्या आवाजापेक्षा कितीतरी वर चढलेल्या सुरात ओरडत जायचे, तेव्हा चालकाने त्यातून काय काढून घेतले हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरत नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लोकांना धाकट्या वर्गाच्या शर्यती आठवतात त्या पुढे थोर झालेल्या चालकांमुळे, गाड्यांमुळे नव्हे. मार्च १९६० मध्ये इंग्लंडमधील गुडवुडच्या ट्रॅकवर फॉर्म्युला ज्युनिअरची एक शर्यत झाली. लोटस गाडीत जिम क्लार्क पहिला आला, आणि केन टिरेल यांच्या कूपर गाडीत जॉन सर्टीस दुसरा. सर्टीस तेव्हा मोटरसायकलचा जगज्जेता होता, पण चारचाकी गाडीतली त्याची ही पहिलीच शर्यत. पुढे क्लार्क १९६३ आणि १९६५ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, सर्टीस १९६४ साली. दोन चाकांवर आणि चार चाकांवरही जगज्जेतेपद मिळवणारा सर्टीससारखा दुसरा माणूस आजवर झालेला नाही. त्या दिवशी तिथे असलेल्याला हा योग पुढे आयुष्यभर सांगायला पुरला असणार, आणि पुढच्या कीर्तीने त्याच्या मागच्या आठवणीला मुलामा चढला असणार, हे कबूल. पण मग आजच्या मेळाव्यांचे काय? तिथे त्या गाड्या चालवणारे बहुतेक हौशी, पैसेवाले, अनेकदा साठी ओलांडलेले लोक असतात. त्यांची नावे कुणाला माहीत नसतात आणि ते पुढे कोणी होणारही नसतात. तरी कुंपणाशी गर्दी असतेच. नावे वजा केल्यावरही जे उरते, त्याचा हिशेब नावांनी लागत नाही.

तो हिशेब डोळ्यांनी लावावा लागतो. फॉर्म्युला ज्युनिअर गाडीचे टायर अरुंद, तिला पंख नाहीत, हवेच्या दाबाने ती जमिनीला चिकटत नाही. वळणावर मागची चाके बाहेर सरकतात, चालक स्टीअरिंग उलटे फिरवून गाडी सावरतो, आणि त्याचे खांदे, कोपरे, मनगटे बाहेरून दिसतात. चूक दिसते, चुकीची दुरुस्तीही दिसते. पुढच्या काळातल्या मोठ्या गाड्या वळणावरून इतक्या घट्ट आणि इतक्या झटक्यात जातात की त्या वेगाला चालकाने काय केले हे बाहेरच्या माणसाला कळत नाही; ते त्याला पडद्यावरचे आकडे सांगतात. आकडा मनात फार वेळ राहत नाही. जुन्या शर्यतींच्या प्रेक्षकांना काय आठवते ते पाहा. एखाद्या वळणावर कोण किती आडवा झाला, कुणाचे चाक गवतात गेले, आणि जळलेल्या एरंडेलाचा वास. त्या काळी शर्यतीच्या इंजिनात एरंडेलापासून केलेले वंगण घालत, आणि आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तो गोडसर वास सुटला की जाणत्या माणसांच्या माना वळतात. वेळेच्या नोंदी कागदावर असतात. त्या कुणी पाठ करत नाही.

आता इस्लापूर. किनवट तालुक्यातले हे गाव, जवळ सहस्रकुंडाचा धबधबा, आणि पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. या पट्ट्यात मोटारींचा ट्रॅक नाही आणि कधी नव्हता. पण शर्यत पाहणारा डोळा आहे, आणि तो तयार झाला शंकरपटात. इथल्या वाचकाला पट म्हणजे काय हे सांगायला नको: हलका छकडा, एक जोडी, एक धुरकरी, सरळ आखलेली धाव, आणि सेकंदाच्याही बारीक भागात वेळ सांगणारे घड्याळ. मला महत्त्वाचे वाटते ते पाहणाऱ्याचे ज्ञान. झेंडी पडायच्या आधी जोडीतला कोणता बैल अंग चोरतो, कोणता जू ओढून घेतो, धुरकऱ्याने कासरा कधी सैल सोडला, हे काठावरचा माणूस बोलून दाखवतो आणि शेजारचा त्याला खोडून काढतो. दोघेही त्या ज्ञानाचे धनी असतात, कारण दोघांनीही वखरामागे, तिफणीमागे वर्षे घातलेली असतात. बैलाची उमर तो दातांवरून सांगतो: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा मैदानांनी तर याच दातांवर शर्यतींचे वर्ग पाडले. आदत जनावरांचे मैदान वेगळे, खुले मैदान वेगळे. कोवळ्या जनावराला जुळलेल्या बैलापुढे उभे करायचे नाही, ही समज आपल्या शिवारात कुठल्याही परदेशी नियमपुस्तकाशिवाय आलेली आहे. लुरानींच्या नियमाचा गाभा तोच होता: सगळ्यांच्या ओळखीची वस्तू घ्या, तिला हद्द घाला, आणि मग माणसाचे कसब पाहा.

मधल्या काळात भारतीय मोटार शर्यतींनीही हाच धडा गिरवला. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर मद्रासजवळ शोलावरमला शर्यती होत. विजय मल्ल्या यांनी तिथे एन्साइन ही फॉर्म्युला वनमधली जुनी गाडी पळवली होती. आयात बंद असलेल्या देशात ती गाडी नवलाची होती खरी, पण बाकीच्या गाड्यांशी तिची बरोबरीच नव्हती, आणि जिथे बरोबरी नाही तिथे पाहण्यासारखे थोडेच उरते. खरे वळण दिले ते कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन एका आसनाच्या छोट्या गाडीत बसवले आणि फॉर्म्युला मारुती हा वर्ग उभा राहिला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती एव्हाना गावोगावच्या डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या दारात पोचली होती. पुटपुटणारे ते इंजिन शर्यतीत काय करू शकते हे पाहण्यात जी गंमत होती, ती एन्साइनच्या गर्जनेत नव्हती. याच वर्गातून नारायण कार्तिकेयन वर आला आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. करिवर्धन ते पाहायला उरले नाहीत. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. २००३ साली कोइम्बतूरजवळ झालेल्या ट्रॅकला त्यांचे नाव आहे.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही शिडीची पायरी घेऊन बसलात. धाकटा वर्ग असतोच मुळी वर चढण्यासाठी, आणि अखेर किंमत माथ्याला. चालकाच्या बाजूने हे खरे आहे. क्लार्क, सर्टीस, कार्तिकेयन यांपैकी कोणालाच खाली राहायचे नव्हते. पण प्रेक्षक कुठेही चढत नसतो. तो कुंपणाशीच असतो. त्याच्या बाजूने पाहिले तर माथ्याचा अनुभव आपल्याकडे येऊन गेलेला आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि करांच्या वादात ती बंद पडली. बंद पडण्याची कारणे व्यवहारातली होती, हे मान्य. तरी ती गेल्यावर देशात कुठे हळहळ उठली? तो सोहळा भारताबाहेर तयार होऊन आला आणि परत गेला. इथल्या रस्त्यावरचे काहीच त्या गाड्यांत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक चावरा आहे. हद्द घातली की लबाडी येते. जिथे इंजिनाचे माप ठरलेले असते तिथे कोणी ना कोणी ते चोरून वाढवणार, आणि बाहेरच्या माणसाला ते दिसणार नाही. मग तुमचा तो जाणता डोळा फसलाच की. १९६२ साली नेमका हाच आरोप झाला. जर्मन पत्रकार रिचर्ड फॉन फ्रँकेनबर्ग यांनी लिहिले की लोटसच्या फॉर्म्युला ज्युनिअर गाड्यांत नियमापेक्षा मोठी इंजिने आहेत. मोंझाला पीटर अरुंडेल ज्या वेगाने जिंकला तो वेग ११०० सीसीत शक्यच नाही. लोटसचे मालक कॉलिन चॅपमन यांनी एक हजार पौंडांची पैज लावली. त्याच वर्षी डिसेंबरच्या थंडीत अरुंडेल तीच गाडी घेऊन पुन्हा मोंझाला गेला, तेवढेच अंतर शर्यतीतल्यापेक्षा जलद कापले, इंजिन उघडून मोजले गेले आणि ते नियमात बसले. या प्रकरणात लोटस निर्दोष ठरली, पण मला त्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. आरोप करता आला, त्यावर पैज लागू शकली आणि निकाल एका दिवसात देता आला, कारण मोजायची गोष्ट एकच होती आणि ती काय हे सगळ्यांना कळत होते. शंभर सेन्सरांच्या गाडीवर असा आरोप झाला तर निकाल वकील आणि अभियंते बंद खोलीत देतात. लबाडी दोन्हीकडे होईल. धाकट्या वर्गात ती पकडणे लोकांसमोर होऊ शकते, एवढाच फरक आहे, पण तो लहान नाही.

मात्र एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, आणि ती टाळून चालणार नाही. धाकटा वर्ग धाकटा राहत नाही. फॉर्म्युला ज्युनिअरमध्ये १९६० पासून फोर्ड अँग्लियाचे इंजिन आले. रस्त्यावर ३९ अश्वशक्ती देणारे हे इंजिन. नुकत्याच सुरू झालेल्या कॉसवर्थ या कंपनीने त्यावर हात चालवला, आणि १९६३ पर्यंत त्या घराण्यातली शर्यतीची इंजिने शंभरीच्या पुढे गेली होती. इंजिन चालकाच्या मागे गेले, स्टँग्वेलिनीसारख्या पुढे इंजिन असलेल्या गाड्या दोन मोसमांत मागे पडल्या, आणि ज्या इटलीने हा वर्ग काढला तिचेच कारखाने त्यात हरू लागले. स्वस्ताईसाठी काढलेला वर्ग महाग झाला, म्हणून बंद झाला. बाजारातली वस्तू नावापुरती उरली होती. आपल्या शर्यतींचीही वाट वेगळी नाही. माणदेशातला खिल्लार हा चपळ बैल. शर्यतीसाठी निवडलेला, शर्यतीसाठीच खुराक खाल्लेला खिल्लार आज नांगराला जुंपला जात नाही आणि त्याची किंमत लाखांत बोलली जाते. अशा जोडीपुढे गावातली वखराची जोडी उभी राहिली तर निकाल आधीच ठरलेला असतो, आणि काठावरचा जाणताही मग फक्त बोली ऐकणारा होतो.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांनी या रोगावर इलाज शोधला तो असा की काळच थांबवला. गाडी तिच्या मूळ वर्षी जशी होती तशीच हवी, तिचे कागद तपासलेले हवेत, टायरही जुन्या धर्तीचे हवेत. हा इलाजही पुरता लागू पडत नाही. नव्याने घडवलेले सुटे भाग आणि आजची कारागिरी यांमुळे त्या गाड्या बऱ्याचदा आपल्या तरुणपणापेक्षा जलद धावतात, आणि ज्या गाडीची किंमत बंगल्याएवढी आहे तिला गरिबाची शर्यत म्हणणे हास्यास्पद आहे. तरीही वर्ग ओळखता येईल असा राहतो, आणि त्या मेळाव्यात एक चांगली रीत आहे. शर्यतीआधी गाड्या जिथे उभ्या असतात तिथे प्रेक्षकाला हिंडता येते. इंजिनावरचे झाकण काढलेले असते, मालक हात काळे करून उभा असतो, पोराटोरांना वाकून पाहता येते. ज्याने फियाट ११०० कधी चालवली नाही असा विशीतला मुलगाही तासाभरात दोन इंजिनांतला फरक कानाने ओळखू लागतो. ज्याच्या घरी आता बैल नाही, ट्रॅक्टर आहे, अशा इस्लापूरच्या पोराला पट काय कळणार, या शंकेला मी हेच उत्तर देईन. झाडाखाली बांधलेल्या जोड्यांमधून म्हाताऱ्याबरोबर दोन चकरा मारल्या की कळू लागते.

इथवर मोटार आणि बैल शेजारी ठेवले, पण एका ठिकाणी ही तुलना मोडते आणि ती मोडायलाच हवी. गाडीला वेदना नसते. २०११ साली केंद्र सरकारने बैलाला प्रदर्शनासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बेकायदा ठरवल्या, त्यामागे टोचणी, शेपूट पिरगाळणे, विजेचा झटका अशा गोष्टींचा पुरावा होता. पुढे महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हे राज्यांचे कायदे वैध ठरवले. परंपरा आहे म्हणून चालू द्या, हा युक्तिवाद मला स्वतःला कधीच पुरेसा वाटला नाही. परंपरेत पुष्कळ वाईटही असते. पण कायद्याने घातलेल्या अटी पाहा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धावेच्या अंतराला हद्द, काठी-चाबकाला मनाई. टोचणीने पळवलेल्या बैलात धुरकऱ्याचे कसब दिसतच नाही, दिसते ती जनावराची भीती. म्हणून या अटी जनावराच्या बाजूच्या आहेत तशाच जाणत्या प्रेक्षकाच्याही बाजूच्या आहेत, आणि त्या पाळल्या जात नसतील तिथे पट बंद ठेवावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

मग नांदेड-लातूरकडे काय करता येईल? आपल्याकडे दोन जातिवंत जनावरे आहेत, आणि त्यांची नावे याच मातीची आहेत. कंधारची लालकंधारी, आणि उदगीरच्या बाजूची देवणी. लालकंधारी तांबडी, मध्यम अंगाची, उन्हात काम सोसणारी. देवणी दूध आणि काम दोन्ही देणारी, वानेरा, बालंक्या, शेवरा अशा रंगभेदांनी ओळखली जाणारी. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या ती पारखली गेली. पटाच्या मैदानात मात्र ती मागे पडते, कारण खिल्लारापुढे ती धावू शकत नाही. नेमक्या याच कारणासाठी तिचा वेगळा गट हवा: लालकंधारी आणि देवणीचा, त्यातही आदत आणि जुळलेल्यांचा निराळा, आणि जोडी मालकाच्या शेतात खरोखर जुंपली जाते ही अट. बाजारात मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीचेच इंजिन हवे, या लुरानींच्या अटीचे हे शेतकी रूप.

आयोजक म्हणतील की हळू जोड्या पाहायला कोण येणार, बक्षिसाची रक्कम कोण देणार. रक्कम कमीच ठेवावी. फॉर्म्युला ज्युनिअर पैशाच्या अभावी मेला नाही, पैशाच्या भाराने मेला. गर्दीचे म्हणाल तर घड्याळावरचा अर्धा सेकंद इकडे की तिकडे हे कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. दिसते ती दोन तुल्यबळ जोड्यांमधली चुरस, आणि ती हळू जोड्यांतही तेवढीच असते. जात कोण ठरवणार, वाद होतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. वाद होतीलच. पण माळेगावला जातिवंत जनावर निवडणारे पंच आजही आहेत, आणि पटाआधी पशुवैद्यकाची तपासणी कायद्यानेच लागते. त्या दाखल्यावर दोन ओळी वाढवायच्या, जात आणि दात. वखराला जुंपल्याची खूण बैलाच्या खांद्यावरचा घट्टा सांगतो. तो तपासायला गावातला कोणताही शेतकरी पुरे.